बंद ठरवलेलं घर

नगरपालिकेच्या आवार आणि पाळीव प्राणी विभागातल्या निरीक्षकाला गावात कुणी नावानं हाक मारत नसे. तोंडावर सगळे ‘साहेब’ म्हणायचे आणि त्याची पाठ वळली की ‘गुडघेसाहेब’. यात लोकांचा दोष नव्हता, नियमाचा होता. घराच्या आवारात आपोआप उगवलेलं गवत गुडघ्याच्या वर गेलं तर घरमालक दोषी, असं नियमात लिहिलेलं होतं. गुडघा कुणाचा धरायचा, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं होतं. निरीक्षक ताडमाड उंच. त्यामुळे गावातलं निम्मं गवत त्याच्या कृपेनं सुखात वाढत होतं. एकदा तो आजारी पडला आणि त्याच्या जागी ऑफिसातला एक ठेंगणा कारकून पाहणीला फिरला, तेव्हा गल्लीच्या गल्ली दोषी निघाली. निरीक्षकाच्या तब्येतीची चौकशी करायला तेव्हा जेवढे लोक घरी येऊन गेले, तेवढे त्याच्या लग्नालासुद्धा आले नव्हते.

काम तसं कुणाला हेवा वाटावा असं नव्हतं. अमक्याचा कुत्रा दिवसभर भुंकतो. तमकीच्या मांजरांची संख्या नियमापेक्षा जास्त आहे आणि वाढतेच आहे. शेजाऱ्याच्या कुंपणाचं झुडूप आमच्या खिडकीत डोकावतं. समोरच्यांनी व्हरांड्यात मोडका फ्रिज ठेवलाय, तो सकाळी उठल्याबरोबर दिसतो आणि दिवस वाईट जातो. लोकांची एकमेकांशी बोलणी बंद झाली की त्यांचं जे बोलायचं राहिलेलं असतं ते तक्रार होऊन निरीक्षकाच्या टेबलावर येऊन पडतं, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून त्यानं स्वतःपुरती एक पद्धत ठरवली होती. आधी तोंडी, मग लेखी. तो फाटकाशी जायचा, घंटी वाजवायचा नाही, नुसता खाकरायचा. घरातून कुणी बाहेर आलं की हवापाण्याच्या चार गोष्टी करायचा आणि जाता जाता म्हणायचा, “तेवढं गवत बघा हं, माझ्या गुडघ्याला गुदगुल्या व्हायला लागल्यात.” बहुतेक प्रकरणं तिथेच मिटत. पुढेपुढे असं झालं की गावात कुणाला नुसता साधा खोकला झाला तरी शेजारचे विळा शोधायला धावत.

या पद्धतीला एक जुनं कारण होतं. त्याच्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकान म्हणजे घराचं आवारच. चाकं, साखळ्या, गंजलेले सांगाडे, सगळं दाराशी. एके दिवशी वडील मागच्या खोलीत जेवत बसले असताना नगरपालिकेचा माणूस आला, दाराला नोटीस डकवून निघून गेला. वडिलांनी पसारा आवरला, पण ते वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलत राहिले. “अरे, मी घरात होतो. हाक मारली असती तर काय बिघडलं असतं?” मुलगा पुढे त्याच खात्यात लागला तेव्हा वडील खूश झाले की नाही हे कळलं नाही, पण मुलानं मनाशी गाठ मारली, की माणूस घरात असताना दाराला कागद चिकटवायचा नाही.

आता माणूस घरात आहे की नाही हे कळायचं कसं? गावात बंद घरं पुष्कळ. मुलं दूरदेशी, आईबाप गेलेले, घर तसंच कुलपात. अशा घरांसाठी नियम सोपा होता. नोटीस फाटकावर लावायची, मुदत संपली की नगरपालिकेच्या माणसांनी आवार साफ करायचं, आत जी जनावरं सापडतील ती भटकी समजून कोंडवाड्यात न्यायची. म्हणून घर बंद आहे की नाही, हे ठरवण्यावर सगळं अवलंबून असे, आणि तिथे निरीक्षकाची तोंडात बोटं घालायला लावणारी कला होती. तो फाटकाजवळ वाकायचा आणि फाटक आणि खांब यांच्यामधलं कोळ्याचं जाळं बघायचा. जाळं ताजं असेल तर काही सांगता येत नाही. पण जुनं, धूळ खाल्लेलं, अखंड जाळं असेल तर त्या फाटकातून कित्येक दिवसांत कुणी गेलेलं नाही. “माणसं खोटं बोलतील,” तो नव्या निरीक्षकांना सांगायचा, “कोळ्याला काय पडलंय?” ही गोष्ट ऑफिसात इतकी गाजली, की नव्यानं लागलेल्या पोरांना ‘जाळ्याची परीक्षा’ रीतसर शिकवली जायला लागली. शेजारच्या दोन गावांतूनही माणसं शिकायला येऊन गेली.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती म्हणायची, “दिवसभर लोकांचे डोळे तपासून घरी यावं, तर इथे हे कोळ्याकडून साक्ष घेऊन आलेले.”

“कोळी कधी चुकला नाही अजून,” निरीक्षक म्हणायचा.

“कोळी कशाला चुकेल? त्याला कुणी विचारलंय?”

यावर तो हसायचा आणि चहा मागायचा.

तर एका गल्लीच्या टोकाच्या घराबद्दल तक्रार आली. तक्रार करणारे शेजारचे दातांचे डॉक्टर. ते स्वतः ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि समोरच्याचं तोंड उघडं असावं अशी सवय असलेल्या माणसासारखे एकटेच बोलत सुटले.

“साहेब, जंगल झालंय हो शेजारी. जंगल! माझे पेशंट आत यायला घाबरतात.”

“ते दातांनाही घाबरत असतील, डॉक्टर.”

“थट्टा नको. उंदीर आहेत, साप असतील. आणि एक कुत्रा राहतो त्या गवतात. कुणाचा, काही पत्ता नाही.”

“घरात कोण राहतं?”

“कोणी दिसत नाही. नवराबायको होती, नवरा गेला. त्यानंतर मी तरी त्या फाटकातून कुणाला येता-जाता पाहिलेलं नाही.”

निरीक्षक गेला. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी, दिवसाउजेडी. रिवाजाप्रमाणे खाकरला. मग मोठ्यानं खाकरला. मग ‘अहो, कोण आहे का?’ म्हणून हाक मारली. पुढचं दार बंद, खिडक्यांना पडदे, व्हरांड्यात वाळका पाचोळा. फाटकाच्या कडीवर गंज, आणि फाटक आणि खांब यांच्यामध्ये हे एवढं जाळं. धुळीनं राखाडी झालेलं. एक तार तुटलेली नाही. त्याला बघूनच समाधान वाटलं. पोरांना शिकवायला असं जाळं मिळालं असतं तर!

गवत मात्र खरंच वाढलं होतं. कुणाच्याही गुडघ्यानं मोजलं तरी दोषीच. पण त्यात त्याला एक नवल दिसलं. गवतातून अरुंद वाटा पडल्या होत्या. व्हरांड्यापासून पेरूच्या झाडापर्यंत, तिथून पाण्याच्या कुंडीपर्यंत, तिथून फाटकापर्यंत. दोन्हीकडे गवताच्या भिंती आणि मध्ये बोगद्यासारखी वाट. त्यातल्या एका वाटेनं एक तपकिरी, केसाळ, म्हातारा कुत्रा सावकाश चालत आला, नाक वर करून फाटकाशी थांबला आणि शेपूट हलवू लागला. गळ्यात पट्टा नाही. निरीक्षकानं गजांतून हात घालून त्याचा कान खाजवला. भटकी कुत्री अशाच वाटा पाडतात, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि नोटीस काढली. ती त्यानं फाटकावर न लावता बाजूच्या खांबावर, अगदी जपून लावली. जाळं तुटू नये म्हणून.

अहवालात त्यानं लिहिलं: घर बंद, कुत्रा भटका.

मुदत संपली. नगरपालिकेची माणसं मशीन घेऊन आली, फाटक उचलून बाजूला ठेवलं, दुपार व्हायच्या आत आवार हजामत केल्यासारखं गुळगुळीत केलं आणि कुत्र्याला गाडीत घालून घेऊन गेली. डॉक्टरांनी निरीक्षकाला फोन करून धन्यवाद दिले आणि दात फुकट तपासून देईन असं सांगितलं. निरीक्षकानं ते निमंत्रण टाळलं. दातांच्या बाबतीत तोही इतर माणसांसारखाच होता.

दोन-तीन दिवसांनी ऑफिसात एक बाई आली. साठीला टेकलेली, अंगानं बारीक, हातांची कातडी पाण्यात राहून राहून सुरकुतलेली. डोळे झोप न झाल्यासारखे. तिनं समोरच्या कारकुनाला सांगितलं, “आमच्या आजोबांना तुम्ही उचलून नेलंय. कुठे ठेवलंय ते सांगा.”

कारकुनाची पाचावर धारण बसली. “आम्ही? आजोबांना?”

“हो. आवारात बसले होते. गाडीत घालून नेलं. शेजारच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरनं पाहिलंय.”

“अहो बाई, माणसं उचलायचं काम पोलिसांचं.”

“पोलिसांत जाऊन आले. तिथे फोटो मागितला. फोटो दाखवला तर हसले आणि आरोग्य खात्यात जा म्हणाले. आरोग्य खात्यानं इकडे पाठवलंय. आता तुम्ही कुठे पाठवताय?”

तिनं फोटो टेबलावर ठेवला. तपकिरी, केसाळ, म्हातारा. पलीकडच्या टेबलावरून निरीक्षकानं मान उंचावून तो फोटो पाहिला आणि तो उठून पुढे आला.

त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती बसली, पण पाणी प्यायली नाही.

“मावशी, तुम्ही त्या घरात राहता?”

“मग कुठे राहू? माझं घर आहे ते.”

“मी आलो होतो. दोन-तीनदा आलो. हाका मारल्या.”

“कधी?”

“सकाळी. दुपारी. संध्याकाळी एकदा.”

“मी इस्पितळाच्या लाँड्रीत आहे, रात्रपाळीला. दिवसा झोपते. कानात कापसाचे बोळे घालून.” ती थांबली. “शेजारचे दिवसभर लोकांचे दात कोरत असतात. तो आवाज ऐकत तुम्ही झोपून दाखवा.”

“पण फाटक... फाटकाला तर...” जाळं हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडेना.

“फाटकाची बिजागरी मोडलीय. उघडलं तर अंगावर येतं. मी मागच्या दारानं जाते-येते. मागच्या गल्लीतून इस्पितळ जवळ पडतं. तुम्ही मागे आला होतात?”

 इतक्या वर्षांत कुठल्याच बंद घराच्या मागे तो गेला नव्हता. तिथे बघायला काय असणार, असं तो धरून चालला होता. पुढून सगळं कळतं, हीच तर त्याची विद्या होती.

“गळ्यात पट्टा असता तरी...” तो कसंबसं म्हणाला.

“गळ्याला जखम झाली होती. डॉक्टर म्हणाले, काढून ठेवा. जनावरांचे डॉक्टर. दातांचे नव्हे.” मग ती पुढे वाकली. “त्या दिवशी मला जोडपाळी होती, रात्रीनंतर दिवसाचीही. घरी आले तर आवारच नाही. गवत कशाला कापलंत हो?”

“फार वाढलं होतं, मावशी. नियम आहे.”

“मला माहीत आहे वाढलं होतं. मी ठेवलं होतं ते. त्याला दिसत नाही. दोन्ही डोळे गेलेत. आधी बिचारा सगळीकडे आपटायचा, एकाच जागी बसून राहायचा. मग मी आजारी पडले, गवत वाढलं, आणि ह्यानं त्यातून आपल्या वाटा पाडल्या. दोन्ही अंगांना गवत घासलं की त्याला कळायचं, वाट बरोबर आहे. पेरूखाली जायचा, पाणी प्यायचा, परत यायचा. एकदासुद्धा आपटला नाही. मग मी कशाला कापू?”

निरीक्षकाला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. बोगद्यासारख्या त्या वाटा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, नवलही केलं होतं. तो कान खाजवत होता तेव्हा कुत्रा त्याच्याकडे बघत नव्हता, नाक वर करून उभा होता, हेही आता आठवलं.

तो तिला स्वतःच्या स्कूटरवर बसवून कोंडवाड्यात घेऊन गेला. रखवालदार म्हणाला, “हा होय? हा जरा येडा आहे साहेब. भिंतीला डोकं लावून उभा राहतो. खात नाही, पीत नाही. बरं झालं, उद्या डॉक्टर येणार आहेत. म्हातारं, आजारी, कुणी न्यायला न आलेलं जनावर असलं की ते सुई देतात. त्याचेही हाल संपतील.”

बाईनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. ती गजांना चिकटून जमिनीवर बसली होती आणि “आजोबा, ए आजोबा” करत होती. कुत्र्यानं भिंतीवरचं डोकं काढलं, आवाजाकडे वळला, आणि चार पावलं येऊन पाण्याच्या भांड्याला धडकला.

“सोड रे त्याला,” निरीक्षक म्हणाला.

“बाईसाहेबांची सही पाहिजे. तुम्हीच तर बसवलाय हा नियम.”

बाईसाहेब म्हणजे विभागाच्या प्रमुख. हुशार, कामसू, माणसाला ताटकळत न ठेवणारी बाई. हकिगत कुत्र्याच्या डोळ्यांपर्यंत पोचायच्या आतच त्यांनी चुटकीसरशी मार्ग काढला.

“सोपं आहे. अहवालात कुत्रा भटका आहे ना? मग आजी त्याला दत्तक घेऊ देत. एक अर्ज भरायचा, सही करायची, डॉक्टरांचा दाखला जोडायचा, झालं. कुणावर काही ठपका नको. ना तुमच्यावर, ना खात्यावर.”

“द्या, कुठे सही करू?” मावशीनं लगेच पेन हातात घेतलं. तिला दत्तक, पाळीव, भटका या कशाशी देणंघेणं नव्हतं. कुत्रा घरी आला म्हणजे झालं.

त्या खोलीत एकट्या निरीक्षकाला एक गोष्ट माहीत होती. दत्तक द्यायच्या जनावराला डॉक्टरांचा दाखला लागतो तो सुदृढ असल्याचा. म्हाताऱ्या आंधळ्या कुत्र्याला तो दाखला मिळणार नव्हता. कुत्रा आंधळा आहे हे बाईसाहेबांना ठाऊक नव्हतं, आणि दाखल्यात काय तपासतात हे मावशींना ठाऊक नव्हतं. उद्या डॉक्टर येतील, कुत्रा तपासतील, दाखला नाकारतील, आणि त्याच पिशवीतून सुई काढतील. तो गप्प राहिला असता तर कुणीही त्याला बोल लावला नसता. ‘बिचारा खूप म्हातारा होता,’ असं सगळे म्हणाले असते. तोसुद्धा म्हणाला असता.

अर्जावर पेन टेकलं होतं.

“थांबा मावशी. सही करू नका.” तो बाईसाहेबांकडे वळला. “कुत्रा भटका नव्हता. घर बंद नव्हतं. माझा अहवाल चुकीचा आहे. तो रद्द करा आणि मालकाचं जनावर चुकून उचललं म्हणून सोडा. त्याला डॉक्टरांचा दाखला लागत नाही.”

बाईसाहेबांनी चष्मा काढला. “कळतंय का तुम्ही काय म्हणताय? तुम्ही जाळं पाहून लिहिलं होतंत ना?”

“हो.”

“मग जाळं पाहून बंद ठरवलेली बाकीची घरं? आपल्या पोरांनी ठरवलेली? शेजारच्या गावांची?”

“तेच डोक्यात घोळतंय मघापासून.”

“तुमचं नाव आहे हो त्या परीक्षेमागे.”

“आहे. म्हणूनच...”

“तुमचं तुम्ही नंतर ठरवा,” मावशी मध्येच कडाडली, “काय ते रडा, भांडा, माझ्यासमोर नको. आधी माझा कुत्रा द्या.”

बाईसाहेबांना हसू आवरलं नाही. त्यांनी आदेशावर सही केली. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, “उद्यापासून बंद घरांच्या नोटिसा थांबवा. आणि तुम्ही स्वतः प्रत्येक घर पुन्हा बघा. पुढून आणि मागून.”

त्या संध्याकाळी कुत्रा घरी आला. निरीक्षकानंच त्याला मागच्या दारापर्यंत उचलून नेलं. मागच्या दाराची कडी हात लागून लागून चकाकत होती, उंबऱ्याशी ओल्या चपला होत्या, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल होता. इथे उभं राहून हे घर बंद आहे असं आंधळ्यानंही म्हटलं नसतं.

त्यांनी कुत्र्याला आवारात सोडलं. तो व्हरांड्याच्या पायरीवरून उतरला, चार पावलं गेला आणि थांबला. डावीकडे वळून अंग घासायला बघितलं. तिथे काही नव्हतं. उजवीकडे वळला, तिथेही नव्हतं. मग तो त्या गुळगुळीत मैदानात मधोमध उभा राहून थरथरायला लागला. मावशीनं हाका मारल्या, तर तो गोल गोल फिरला आणि कुंपणावर आपटला.

“बघितलंत?” ती म्हणाली. एवढंच. तिच्या आवाजात राग असता तर निरीक्षकाला बरं वाटलं असतं.

तो काय करावं ते न सुचून कुत्र्यापाशी गेला. त्याच्या बुटांखाली कापलेल्या गवताचे खुंट कुरकुरले, आणि कुत्र्यानं कान टवकारले. निरीक्षक एक पाऊल पुढे गेला, पाय मुद्दाम घासत. कुत्रा त्याच्या मागे आला. आणखी एक पाऊल. कुत्रा आला. अशा रीतीनं गावाचा आवार निरीक्षक, नगरपालिकेचा बिल्ला छातीवर लावून, पाय फरफटत पेरूच्या झाडापर्यंत गेला आणि त्याच्या मागे म्हातारा कुत्रा. डॉक्टर खिडकीतून बघत होते. त्यांच्या खुर्चीतला पेशंटसुद्धा उठून बघायला आला.

पुढे तो रोज संध्याकाळी जायला लागला. व्हरांडा ते पेरू, पेरू ते कुंडी, कुंडी ते व्हरांडा. रोज त्याच ओळीवर पाय घासत. खुंट दबले, माती उघडी पडली, वाट दिसायला लागली. बायकोनं बुटांचे तळ बघितले आणि विचारलं, “रोज कुठे जाता? खरं सांगा. बाईबिई आहे का?”

“आहे,” तो म्हणाला. “आणि एक आजोबा आहेत.” मग त्यानं सगळं सांगितलं. बायको यावेळी कोळ्यावरून काही बोलली नाही. तिनं बूट घेतले आणि चांभाराकडे टाकले.

दिवसा तो बंद ठरवलेली घरं बघत फिरत होता. पुढून आणि मागून. बहुतेक घरं खरंच बंद होती. पण एका घराच्या मागच्या खोलीत एक निवृत्त पोस्टमन राहत होता. पुढची खोली उघडायची त्याला गरजच पडली नव्हती. “नोटीस? असेल. मी पुढे जात नाही. पुढच्या पायऱ्या उतरवत नाहीत,” तो म्हणाला. आणखी एका घरात एक बाई होती. दार किलकिलं करून तिनं निरीक्षकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तुमच्याकडे कुत्री होती का?” त्यानं विचारलं.

“होती. मागच्या वर्षी गेली. फाटक उघडं राहिलं असेल.”

“उघडं नव्हतं राहिलं,” निरीक्षक म्हणाला. कोंडवाड्यात त्यानं आदल्या दिवशीच चौकशी केली होती, आणि रखवालदारानं मान हलवली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. सुई सोडून सगळं, असं आधी ठरवलं होतं, पण तिनं विचारलं, “मग तिचं काय केलंत?” तेव्हा तेही सांगितलं. बाईनं दार लावून घेतलं. तो तिथे बराच वेळ उभा राहिला. खाकरला नाही.

त्या संध्याकाळी तो आवारात गेला तेव्हा पाय घासताना त्याचं लक्ष नव्हतं. एका ठिकाणी तो ओळ सोडून वळला आणि कुत्राही त्याच्या मागे वाट सोडून भलतीकडे गेला. व्हरांड्यातून मावशी कितीतरी वेळ बघत होती. ड्युटीला जायच्या कपड्यांत, हातात पिशवी.

“उद्यापासून येऊ नका,” ती म्हणाली.

“चुकलं, मावशी. आज जरा...”

“त्यासाठी नाही म्हणत. त्याला तुमच्या पायांची सवय लागलीय. मी रात्रभर कामावर असते. तुम्ही नसाल तेव्हा त्यानं काय करायचं, तुमची वाट बघत बसायचं?” मग थोडं थांबून, “कष्ट घेतलेत, ते मी पाहिलंय. पण आता बास.”

निरीक्षकानं वाकून बूट काढले. तो आवाराच्या कडेकडेनं, बूट हातात घेऊन, अनवाणी पायांनी व्हरांड्यात गेला आणि तिथे मावशीच्या शेजारी उभा राहिला.

कुत्रा पेरूखाली उभा होता. त्यानं कान हलवले. पावलांचा आवाज येईना. नाक वर केलं, खाली केलं. मग त्यानं एक पाय पुढे टाकून उघड्या मातीचा अंदाज घेतला, बाजूच्या खुंटांवर पाय पडताच तो मागे घेतला, पुन्हा मातीवर ठेवला. असं करत करत तो निघाला. कुंडीपर्यंत यायला त्याला फार वेळ लागला. वाटेत एकदा चुकला, एकदा बसला. मावशीची ड्युटीची वेळ होऊन गेली तरी ती जागची हलली नाही. कुत्र्याचं नाक कुंडीच्या काठाला लागलं, आणि तो लपालपा पाणी प्यायला लागला.